कुसळं

हॉरॉक्सच्या घाटात, तिसऱ्या वळणावर
काटा पहिल्यांदा हलला.
व्हर्ना आत्यानं तो माझ्याआधी पाहिला,
बोलली काहीच नाही.
गिअर उतरवला, एसी बंद केला
आणि बाहेर त्रेचाळीस अंश असताना
हीटर लावला. पूर्ण.

मला वाटलं, चळली म्हातारी.
पायांवर गरम वारा, सीटला चिकटलेली पाठ,
जिभेवर डिझेलची न् घोड्याची चव.
"इंजिनाचा ताप थोडा आपण घ्यायचा," ती म्हणाली,
"तेवढंच त्याला हलकं."

मागे ट्रेलरात बिस्किट,
एकोणीस वर्षांची घोडी, ओरुरूच्या कुणाला विकलेली,
प्रत्येक वळणावर खूर आपटून
आपलं मत नोंदवत होती.

काटा लाल पट्टीला टेकला
तेव्हा एका निलगिरीखाली खडीची जागा मिळाली.
मी किल्लीकडे हात नेला.
फटकन बसली हातावर.
"चालू राहू दे. टर्बो अजून लालबुंद आहे आत,
आत्ता बंद केलंस तर तेल जळून बसेल त्याच्या अंगावर.
धापा टाकू दे.
धावून आलेल्याला कुणी लगेच खाली बसवतं का?"

मी पंधरा वर्षांचा.
तिसऱ्या शाळेनं हाकललं तेव्हा
तिच्याकडे पाठवलेला, पार्सलसारखा.
तीन आठवडे झाले होते,
ती अजून काही विचारत नव्हती.

बॉनेट उघडलं तर हवा थरथरत वर आली.
रेडिएटरच्या झाकणावर आत्यानं
आपली हॅट उलटी ठेवली.
"आत उकळतंय तोवर
झाकणाला हात लावायचा नाही."

पाण्याचा एकच कॅन, वीस लिटर.
मी म्हटलं, गाडीला.
ती बादली घेऊन मागे गेली.
बिस्किटनं नाक बुडवलं, कान हलवत
बादली दोनदा रिकामी केली
आणि शेवटचा घोट
माझ्या शर्टावर फुर्रकन उडवला.

मग गुडघ्यांवर बसून आत्यानं जाळीत टॉर्च मारला
आणि शिवी हासडली,
तोवर ऐकलेल्यांतली सर्वांत लांब.
कुसळं.
काल आडवाटेनं आलो, कमरेएवढ्या वाळल्या गवतातून,
त्या गवताची कुसळं,
रेडिएटर आणि एसीच्या जाळीमध्ये
नमद्यासारखी गच्च बसलेली.
वाऱ्याला आत शिरायला फटच नाही.

आडवाट माझी होती.
मीच म्हटलं होतं, इकडून जवळ पडेल.
आता म्हणेल, आता म्हणेल,
म्हणून मी मान खाली घालून उभा.

तिनं मला आयाळीचा ब्रश दिला,
स्वतः घेतली केसांतली पिन.
"पाती वाकवू नकोस. वरून खाली."

दोन तास.
तारेवर गुलाबी गला पाखरं येऊन
आमची टिंगल करून गेली.
एक ट्रक थांबला. स्पिरोस नावाचा माणूस,
दहा लिटर पाणी दिलं न् वर फुकटचा सल्ला:
थर्मोस्टॅट काढून फेका, बाई, कटकट संपली.
आत्यानं पाणी ठेवून घेतलं.

ऊन कलल्यावर हॅट उचलली.
जाड फडक्यातून झाकण, पाव फेरा,
एक लांब सुस्कारा,
थांबली. तो संपू दिला.
मग उरलेला फेरा, मग पाणी,
थोडं थोडं, इंजिन चालू ठेवून.

चढ उरला होता तो पन्नासच्या वेगानं.
मागून हॉर्न वाजत राहिले.
आत्याची नजर काट्यावर, काटा मधोमध,
माझ्या नखांत अजून कुसळं.

विल्मिंग्टनचे दिवे दिसायला लागले
तेव्हा मी आपणहून सांगायला लागलो,
शाळेत त्या दिवशी काय झालं ते.
ती ऐकत होती, आरशातून मागे
घोडीकडे बघत.
हीटर अजून चालूच होता.
दोघांपैकी कुणी तो बंद केला नाही.